घोड्याच्या खांद्याशी कुत्रा

खंडोबाचा टाक निरखून पाहा. घोड्यावर बसलेला देव, सोबत म्हाळसा आणि घोड्याच्या पायांशी धावणारा कुत्रा, एवढी मंडळी बोटभर पत्र्यावर दाटीवाटीने बसवलेली असतात. जागाच तेवढी, म्हणून कारागिराने कुत्र्याला पायांत घेतलं असावं. देवाचा कुत्रा तिथे सुखरूप असेल. तुमच्याआमच्या कुत्र्यासाठी मात्र घोड्याच्या पायांइतकी वाईट जागा दुसरी नाही.

घोड्या-कुत्र्याची ही जोडी महाराष्ट्राला नवी नाही. नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तिथे घोड्यांचा बाजार असतो आणि पशुप्रदर्शनात घोडे नि कुत्री दोन्ही उतरतात. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. हौशी माणसं लांबून तिथे घोडा घ्यायला जातात. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीसारख्या तालुक्याच्या गावात आज घोडा दिसतो तो वरातीसाठी पाळलेला, नाहीतर हौसेने बांधलेला. संध्याकाळी मालक किंवा त्याचा पोरगा जीन कसतो आणि पांदणीने एक फेरी मारायला निघतो. वाड्यातला कुत्रा आपसूक मागे लागतो. बहुतेक ठिकाणी कुत्र्याला कोणी नेत नाही, तोच येतो. ‘येऊ दे, फिरंल थोडा’ असं म्हणून स्वार टाच मारतो आणि पुढचे सगळे घोटाळे त्या ‘येऊ दे’पासून सुरू होतात.

घोडा पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याचं भक्ष्य होऊन जगला, तर कुत्र्याचे पूर्वज घोड्यासारख्या जनावरांच्या मागे धावून पोट भरत आले. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे मान न वळवता त्याला जवळजवळ ३५० अंशांतलं दिसतं. न दिसणाऱ्या जागा दोनच: कपाळाच्या अगदी पुढची थोडी आणि शेपटीच्या थेट मागची. या मागच्या जागेत काही सळसळलं, तर घोडा वळून बघत बसत नाही. आधी लाथ, मग विचार. कुत्रा नेमका तिथेच धावतो, कारण चालत्या प्राण्याच्या मागे लागणं हा त्याचा जन्मजात स्वभाव. मेंढरं किंवा ढोरं राखायला घडवलेल्या जातींत तर खुरांशी तोंड घालून हाकायची सवय रक्तात असते. कॉली किंवा जर्मन शेफर्ड घोड्याच्या घोट्याला चावा घ्यायला धावला, तर तो चिडलेला असतो असं नाही. तो त्याच्या मते काम करत असतो. घोड्याला हे कोण समजावणार?

वरातीच्या घोड्याबद्दल एक गैरसमज सार्वत्रिक आहे. डीजे, फटाके आणि नाचणारी गर्दी सहन करतो, म्हणजे तो कशालाच बुजत नाही, असं मालक सांगतात. वरातीतला गोंगाट समोरून आणि बाजूने येतो आणि लगाम धरून माणूस पुढे उभा असतो. मागून पायांत शिरणारा कुत्रा ही वेगळी गोष्ट आहे. त्या घोड्यालाही कुत्र्याची ओळख पहिल्यापासून करून द्यावी लागते.

घोडा आणि कुत्रा रोज एकत्र कसे वावरतात हे बघायचं असेल, तर धनगरांचं बिऱ्हाड रस्त्याने जाताना बघावं. मेंढरांमागे भटकणाऱ्या आपल्या धनगरांकडे घोडा असतो तो बसायला नव्हे, सामान वाहायला. पाठीवर बाज, तिच्यावर भांडी नि कांबळी, वर पाय बांधलेल्या कोंबड्या, एखाद्या झोळीत दोन दिवसांचं कोकरू, कधी कधी त्यातच लेकरूही. दोरी घरच्या बाईच्या हातात. मेंढरं बाप्यांच्या ताब्यात आणि कुत्री या दोन्हींच्या मध्ये. ही कुत्री घोड्याच्या मागून चालत नाहीत. ती बाजूने चालतात, थोडी पुढे जाऊन थांबतात, रस्त्याकडेचा वास घेतात, पुन्हा बाजूला येतात. घोडाही त्यांच्याकडे लक्ष देत नाही. पिल्लू जन्मल्यापासून ते मेंढरांत, घोड्यांत आणि माणसांत लोळलेलं असतं. रात्री वाघूर लावून मेंढरं कोंडली, की भोवतीचा पहारा याच कुत्र्यांचा.

या बिऱ्हाडात कोणीच धावत नाही. सगळ्यांची चाल सगळ्यांत हळू चालणाऱ्या जिवावर ठरते, म्हणजे गाभण मेंढीवर आणि लंगड्या कोकरावर. घोड्याला वेगाने जाता येतं म्हणून तो वेगाने जात नाही. हौशी स्वाराने धनगरांकडून काही उचलायचं असेल, तर ते हे. कुत्रा सोबत असला, की चाल कुत्र्याची. घोडा साध्या चालीत ताशी ६-७ किलोमीटर जातो, दुडकीत १२ ते १५. मध्यम आकाराचा, हाडापेराने चांगला कुत्रा आपल्या मर्जीने दुडकत असेल तर ताशी १० किलोमीटरच्या आसपास राहतो. म्हणजे घोड्याच्या चालीत तो आरामात असतो. घोडा दुडकीला लागला की त्याला मेहनत पडते आणि घोडा भरधाव सुटला की तो जीव तोडून पळतो. मुधोळ, कारवान, पश्मी ही आपल्याकडची शिकारी कुत्री तेवढ्या वेगाला सहज भिडतात, पण थोड्या अंतरासाठी. वारं पिऊन पळणाऱ्या कुत्र्यालाही पाच-सात किलोमीटर तसं पळवता येत नाही.

धनगरांनंतर दुसरा धडा इतिहासातला. अंजनगावचं नाव इतिहासाच्या पुस्तकात येतं ते ३० डिसेंबर १८०३ च्या तहामुळे. अडगावची लढाई २९ नोव्हेंबरला झाली, गाविलगड १५ डिसेंबरला पडला आणि दौलतराव शिंद्यांनी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीशी सुर्जी अंजनगावात तह केला. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. पोर्तुगाल-स्पेनच्या मोहिमेत असताना त्याने छावणीत कोल्ह्याच्या शिकारीची कुत्री पाळली होती. दोन लढायांच्या मध्ये सवड मिळाली की तो त्या कळपामागे घोडा घालायचा. त्या शिकारीचं कौतुक करायची काही गरज नाही. पण चाळीस-पन्नास कुत्री आणि तेवढेच घोडेस्वार एका मैदानात वर्षानुवर्षं वावरले आणि त्यातून काही रिवाज तयार झाले. ते अनुभवातून आलेले आहेत, म्हणून घेण्यासारखे आहेत.

पहिला रिवाज असा, की कुत्री जवळून जात असतील तर घोड्याचं तोंड त्यांच्याकडे वळवायचं, मागचा भाग कधीही नाही. इतकी साधी गोष्ट आहे, पण तिने निम्मे अपघात टळतील. घोड्याला कुत्रा दिसला की तो लाथ मारत नाही आणि लाथ मारायला लागणारे पायही दुसऱ्या बाजूला असतात. दुसरा रिवाज, लाथ मारणाऱ्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधायची. ती बघून मागच्या स्वाराने अंतर ठेवायचं. तिसरा मला सगळ्यांत शहाणा वाटतो: कुत्र्याला आपल्या घोड्याची लाथ बसली, तर चूक स्वाराची मानायची. घोड्याची नाही आणि कुत्र्याची तर नाहीच.

आता कुत्रा नक्की कुठे असावा? घोड्याच्या पुढच्या खांद्याच्या तिरप्या रेषेत, साधारण दोन-तीन मीटर बाजूला. तिथे तो घोड्याला दिसतो, स्वाराला दिसतो आणि खुरांच्या बाहेर राहतो. आपल्याकडे वाहतूक डावीकडून, म्हणून घोडा रस्त्याच्या डाव्या कडेला आणि कुत्रा त्याच्याही डावीकडे, धुऱ्याच्या बाजूला. मग कुत्रा आणि ट्रॅक्टर यांच्यात घोडा येतो. मागे पडायचं झालं, तर किमान एका घोड्याची लांबी सोडून पडायचं. कुत्र्याच्या गळ्यात एक छोटं घुंगरू बांधलं, तर तो कुठे आहे हे घोड्याला न बघताही कळतं आणि अंधार पडायला लागला तर स्वारालाही. हा खर्च दहा-वीस रुपयांचा आहे, तेव्हा तो करावाच.

जुन्या वऱ्हाडी घरांतल्या कुत्र्यांना आणखी एक सवय असते. बैलगाडी निघाली, की कुत्रा गाडीखाली शिरतो आणि दोन चाकांमधल्या सावलीतून वावरापर्यंत चालतो. त्या सावलीत त्याला काही धोका नसतो, कारण चाकं सरळ जातात. तोच कुत्रा दुपारी घोड्यासोबत नेला, तर सावली शोधत तो घोड्याच्या पोटाखाली जातो. इथे चाकं नाहीत, चार पाय आहेत. माशी बसली तरी ते उचलले जातात. कुत्रा सावलीकडे सरकू लागला, की समजावं, फेरी संपवायची वेळ झाली.

यावरून उन्हाचा विषय निघालाच. घोड्याला माणसासारखा घाम येतो, सगळ्या अंगाला. घाम वाळतो आणि अंग थंड राहतं. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांना. बाकी सगळी उष्णता त्याला धापा टाकून, जिभेवाटे बाहेर काढावी लागते. त्यामुळे एकाच उन्हात, एकाच वाटेवर घोडा ताजातवाना दिसतो आणि कुत्रा आतून भाजत असतो. कुत्र्याच्या अंगाचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. ते ४१च्या वर गेलं की जिवावर बेततं. तो स्वतःहून थांबेल, हा भरवसा ठेवू नका. मालकाच्या मागे राहण्याची ओढ इतकी असते, की पाय लटपटेपर्यंत कुत्रा धावत राहतो.

अकोला-अमरावतीचा पारा मे महिन्यात ४५च्या पुढे जातो, हे इथल्या कोणाला सांगायला नको. डांबरी सडक हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. तळहाताची मागची बाजू सडकेवर टेकवून सात सेकंद धरता येत नसेल, तर कुत्र्याचे पंजे तिथे ठेवू नयेत. मार्चच्या मध्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत कुत्रा न्यायचाच असेल तर उजाडायच्या आत निघून ऊन चढायच्या आत परतायचं. संध्याकाळ बरी वाटते, पण काळी माती दिवसभराची धग सूर्य मावळल्यावरही सोडत असते. पग किंवा तसल्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर कोणत्याच ऋतूत घोड्यामागे नेऊ नये. त्यांना धाप टाकायलाच नाक पुरत नाही.

ऊन लागल्याची खूण ओळखता आली पाहिजे. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबते, लाळ चिकट आणि तारेची होते, हिरड्या आधी लालभडक दिसतात, मग फिक्या पडतात, कुत्रा सरळ चालत नाही, हाक मारली तरी बघत नाही. अशा वेळी उतरा, घोडा झाडाला बांधा आणि कुत्र्याला सावलीत घ्या. पोटावर, जांघांत, काखेत आणि पंजांवर थंड पाणी ओतत राहा आणि फडक्याने वारा घाला. ओलं फडकं अंगावर गुंडाळून ठेवायची पद्धत आहे, ती चुकीची. थोड्याच वेळात फडकं अंगाच्या उष्णतेने तापतं आणि उष्णता आतच कोंडते. शुद्ध असेल तर घोटघोट पाणी द्या. आधी गार करा, मग डॉक्टरकडे पळा.

पाण्याचं वऱ्हाडात एक वेगळंच दुखणं आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तिन्ही जिल्ह्यांत पसरलाय. दर्यापूरच्या बाजूला गेलं, की विहिरीचं पाणी जिभेला टोचतं. वाटेत कुठेतरी पाणी मिळेल, या भरवशावर इथे निघता येत नाही. खारट पाण्याने तहान भागत नाही, उलट पोट बिघडतं. जिनाला पाण्याचा कॅन आणि घडी होणारं भांडं बांधून न्या. फवारणीच्या दिवसांत तर हे सक्तीचं समजा. पऱ्हाटीच्या वावराच्या कडेला ठेवलेला निळा ड्रम, औषध कालवलेली बादली, धुतलेल्या पंपाचं साचलेलं पाणी यांत तहानलेला कुत्रा तोंड घालतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा या औषधांची ताकद सगळ्यांना कळली. कुत्र्याचं वजन माणसाच्या तिसऱ्या हिश्शाचं.

सराव जमिनीवरून सुरू होतो. पिल्लू ३ ते १२ आठवड्यांचं असताना जे बघतं, हुंगतं, ते त्याला जन्मभर ओळखीचं वाटतं. म्हणून घरात घोडा असेल, तर त्याच वयात पिल्लाला लांबून घोडा दाखवावा. पळवायचं मात्र नाही. हाडांची टोकं भरेपर्यंत, म्हणजे साधारण वर्ष-दीड वर्षाचा होईपर्यंत कुत्र्याला घोड्यासोबत पळवू नये. नाहीतर सांधे कायमचे दुखरे होतात.

कुत्र्याला चार शब्द पक्के यायला हवेत: ‘ये’, ‘थांब’, ‘बस’ आणि ‘बाजूला’. त्यातला शेवटचा महत्त्वाचा, कारण घोड्याजवळ कुत्र्याला जवळ बोलावून काम भागत नाही, लांब पाठवता यावं लागतं. हे शब्द तुम्ही घोड्यावर बसलेले असताना कानावर पडले, तर अनेक कुत्री गोंधळतात. आवाज ओळखीचा, पण तो आभाळातून आल्यासारखा येतो आणि हाताची खूण दिसत नाही. म्हणून आधी ओट्यावर, मग गाडीवर, मग उभ्या ट्रॅक्टरवर बसून तेच शब्द उच्चारा. कुत्रा ऐकू लागला की पुढची पायरी.

पहिल्या भेटीत घोडा आणि कुत्रा यांच्यामध्ये कुंपण हवं. घोडा बांधलेला नसावा, कारण बांधलेला घोडा पळता येत नाही म्हणून लाथ मारतो. कुत्रा दोरीत असावा. घोड्याचे कान मागे चिकटले, शेपटी फटकारली, मागचा पाय हलका उचलून धरला, तर अंतर वाढवा. कुत्र्याने मान खाली घालून एकटक बघायला सुरुवात केली, अंग ताठ केलं, तर तो खेळत नाही, माग काढतोय. त्याला लगेच वळवून दुसरीकडे न्या. दोघंही कंटाळले, घोडा कडबा चघळू लागला आणि कुत्रा मातीत लोळला, की पहिला धडा झाला. दुसऱ्यात घोडा एकाच्या हातात आणि कुत्रा दुसऱ्याच्या, दोघंही शेजारी चालताहेत. तिसऱ्यात तुम्ही घोड्यावर, कुत्रा मात्र मदतनिसाच्या हातात. यात आठवडे जातात. जाऊ द्या. चौथी पायरी बंद वावरातली, कापणी झालेल्या मोकळ्या रानातली, जिथे कुत्रा सुटा आहे आणि घोडा फक्त चालतोय. पहिली फेरी दोन किलोमीटरपेक्षा मोठी नको.

दोरीबद्दल मतभेद आहेत, त्यामुळे माझं मत स्पष्ट सांगतो. कुत्र्याची दोरी जिनाला बांधणं म्हणजे अपघाताला आवतण. कुत्रा झाडाच्या पलीकडून गेला, दोरी घोड्याच्या शेपटीखाली अडकली, किंवा घोडा बुजून पळाला, तर दोन्ही जनावरं आणि स्वार एकत्र सापडतात. हाताला गुंडाळलेली दोरीही तितकीच वाईट. रस्ता ओलांडताना दोरी लागलीच, तर ती नुसती मुठीत धरा, झटका बसला की सुटेल अशी. पण जो कुत्रा दोरीशिवाय ऐकत नाही, तो घोड्यासोबत न्यायच्या लायकीचा झालेला नाही, एवढंच. त्याला पायी फिरवा. त्यात कमीपणा काही नाही.

वाट निवडताना डांबरी सडक सोडून पांदण घ्यावी, हे खरंच. पण वऱ्हाडातली पांदण ऋतूप्रमाणे बदलते. पावसाळ्यात काळी माती खुराला अशी धरते, की नाल उपटून निघते आणि कुत्र्याच्या पंजात चिखलाचे गोळे होतात. उन्हाळ्यात त्याच मातीला भेगा पडतात. त्यात घोड्याचा पाय अडकला, तर मोडतो. तूर कापल्यावर उरलेली धसकटं सुरीसारखी तिरपी कापलेली असतात आणि धावणाऱ्या कुत्र्याच्या पंजातून आरपार जातात. गवत वाळलं, की कुसळं कुत्र्याच्या कानात आणि बोटांच्या बेचक्यात शिरतात. ती आत आत सरकतात आणि पंधरवड्यानंतर गाठ येऊन पू होतो, तेव्हा मालकाला पत्ता लागतो. फेरीवरून आल्यावर कान, पंजे आणि काखा बोटांनी चाचपून बघायच्या, रोज. त्यात गोचीडही सापडतं.

सगळ्यांत वाईट धोका मात्र तारेचा. रानडुकरं पीक उकरतात म्हणून काही ठिकाणी कुंपणात थेट वीज सोडली जाते. हे बेकायदा आहे आणि दरवर्षी माणसंही त्यात मरतात. झटका मशीनचं सौर कुंपण त्यापेक्षा सौम्य, तरी घोडा त्याच्या एका झटक्याने स्वाराला फेकून देईल. अनोळखी वावराच्या कडेने जाताना कुत्र्याला आत सोडू नका. ज्याच्या वावरातून जायचं, त्याला आधी विचारा, म्हणजे तार कुठे आहे तेही कळेल.

गावकुत्र्यांचं काय, हा प्रश्न हमखास येतो. दुसऱ्या गावाच्या शिवेवर पोचलं, की तिथली टोळी परक्या कुत्र्यावर धावून येते. घोडा पळवला, तर सगळी मागे लागतात. घोडा चालीवर आणा, आपल्या कुत्र्याला बाजूला बोलावा आणि घोड्याचं तोंड त्या टोळीकडे करून उभं राहा. एवढं मोठं जनावर समोर तोंड करून थांबलं, की बहुतेक टोळ्या भुंकत मागे सरकतात. वरून दगड मारू नका, त्याने तुमचाच घोडा बुजेल. खरं तर गावठाणातून जाऊच नये. बाहेरची वाट लांबची असली तरी तीच घ्यावी.

अंजनगावच्या उत्तरेला सातपुडा दिसतो. शहानूर धरणाकडची हिरवळ खुणावते. तिकडे मेळघाट आहे, देशात पहिल्यांदा जाहीर झालेल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत पाळीव कुत्रा नेता येत नाही आणि ते योग्यच आहे. बिबट्याला कुत्रा किती आवडतो, हे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली मोजून दाखवलं. तेव्हाच्या नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले परिसरात (आपलं अकोला नव्हे) बिबट्याच्या पोटात जाणाऱ्या अन्नात वजनाने ३९ टक्के हिस्सा कुत्र्यांचा निघाला. घोड्यामागे दमून रेंगाळणारा कुत्रा सांजवेळी डोंगराच्या पायथ्याशी कोणाच्या नजरेत भरतो, ते यावरून कळावं. उलट बाजूही आहे. २०१८ साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह मेले, तेव्हा कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू त्यांच्यात आढळला. हा रोग कुत्र्यांतही असतो. जंगलाकडे जाणाऱ्या कुत्र्याला त्याची लस दिलेली हवी. आणि ससा उठला म्हणून कुत्रा मागे घालून घोडा पिटाळणं, ही जुनी हौस वन्यजीव कायद्याने शिकारच ठरते, ससा हाती लागो न लागो.

तबेल्यातल्या दोन गोष्टी कुत्रे हमखास खातात. नालबंद खूर कापतो, तेव्हा खाली पडलेले खुराचे तुकडे त्यांना मिठाईसारखे वाटतात. एखाददुसरा चघळला तर बिघडत नाही, पण मोठा तुकडा गिळला तर आतड्यात अडकतो. दुसरी, जास्त धोक्याची: घोड्याच्या जंताचं औषध. त्यात आयव्हरमेक्टिन असतं आणि मात्रा घोड्याच्या वजनाची असते. औषधाची नळी चाटली, सांडलेला थेंब चाटला किंवा औषध दिल्यानंतरच्या दिवसांत लीद खाल्ली, तरी कुत्र्याला विषबाधा होऊ शकते. कॉलीसारख्या काही जातींना जनुकातच या औषधाचं वावडं असतं. औषध पाजायच्या दिवसांत कुत्रा बांधून ठेवा आणि लीद उचला.

दोघांना सामायिक असा एक रोगही आहे. सर्रा. पावसाळ्यानंतर चावणाऱ्या मोठ्या माश्या तो पसरवतात. घोड्याला थांबून थांबून ताप येतो, पोटाखाली आणि पायांवर सूज येते, अंग झडतं. कुत्र्याला ताप येतोच, शिवाय डोळ्यांवर निळसर धुकं धरतं. दोघांपैकी एकाला झाला, तर दुसऱ्याचंही रक्त तपासून घ्या. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आहे, ती नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचा भाग. तालुक्याच्या दवाखान्यात निदान होत नसेल, तर वऱ्हाडातल्या माणसाला एवढ्यासाठी पुण्या-मुंबईला जायची गरज पडत नाही.

फेरीच्या आधी दोन तास कुत्र्याला पोटभर खायला घालू नका. परतल्यावरही धाप पूर्ण थांबून तासभर गेल्यावरच भाकर टाका. खोल छातीच्या कुत्र्यांत भरल्या पोटाने पळून जठराला पीळ पडतो आणि मग तासांत जीव जातो.

राहिली रेबीजची गोष्ट. तिच्यात हयगय केली, तर वरचं सगळं वाया. कुत्र्याला तीन महिन्यांचा झाल्यावर लस आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. घोड्यालाही रेबीज होतो, हे अनेकांना ठाऊक नसतं. त्याला रेबीजची आणि धनुर्वाताची लस द्या. स्वाराने स्वतः धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं आणि डोक्यावर शिरस्त्राण असावं. वाटेत गावकुत्रं चावलं, तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा, हळद-चुना लावू नका आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा. आपल्या कुत्र्याला चावलं, तर लस दिलेली असली तरी त्याला लगेच डॉक्टरकडे न्या. पशुसंवर्धन खात्याच्या फिरत्या दवाखान्याचा क्रमांक १९६२ आहे, तो आजच मोबाईलमध्ये घाला. आणि हा मोबाईल जिनाच्या पिशवीत ठेवू नका, स्वतःच्या खिशात ठेवा. घोडा सुटून घरी गेला, तर फोनही त्याच्यासोबत घरी जाईल.